मोठें पात्र आणि नाजूक जीव

त्रैराशिक हा अंकगणितांतला मोठा गोड भाग आहे. पांच माणसांस अर्धा किलो तांदूळ लागतो, तर पांचशें माणसांस किती? मुलगा पाटीवर तीन आंकडे मांडतो, गुणतो, भागतो आणि पन्नास किलो असें उत्तर देतो. उत्तर बरोबर असतें. परंतु ज्यानें मुंजीच्या पंक्तीचा भात स्वतः उतरविला आहे अशा एखाद्या जुन्या आचाऱ्यास विचारा. तो सांगेल कीं, तांदूळ त्रैराशिकानें मोजतां येतो. भात त्रैराशिकानें शिजत नाहीं. घरच्या पातेल्यांत जो भात मोकळा होतो, तोच शंभरपट मोठ्या हंड्यांत शिजवावयास घेतला तर तळाशीं लागतो, मध्यें गिचका होतो आणि वर कच्चा राहतो. ढवळावा तर शितें मोडतात. न ढवळावा तर करपतो. म्हणूनच शहाणा आचारी पुष्कळदां एकच अजस्र हंडा न चढवितां चार मध्यम पातेलीं चढवितो. जळण अधिक लागलें तरी चालेल, पण पंक्तींत मान खालीं घालावयास नको, हा त्याचा हिशेब असतो.

आज आम्ही वाचकांपुढें जो विषय मांडूं इच्छितों, तो ह्याच अडचणीचा आहे. फरक इतकाच कीं, येथें हंड्यांत तांदुळाच्या जागीं जिवंत पेशी आहेत, ढवळणारे लोक रसायन-अभियंते आहेत, आणि तयार होणारा पदार्थ पानांत वाढावयाचा नसून रुग्णाच्या रक्तांत सोडावयाचा आहे. अशा पात्रास बायोरिॲक्टर म्हणतात. त्याला ‘जैवपात्र’ म्हणावें असें आम्हांस वाटतें, व पुढें हाच शब्द योजूं.

ज्यानें आयुष्यभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं, त्या निवृत्त शिक्षकाचा ह्या विषयाशीं काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. संबंध घरगुती आहे. आमच्या सौभाग्यवतींचीं मूत्रपिंडें गेलीं चार वर्षें नीट काम करीत नाहींत. कुर्ल्यास नेहरूनगरांतल्या आमच्या घरांतून त्यांस आठवड्यांतून तीनदां डायालिसिसला न्यावें लागतें. मूत्रपिंडें केवळ रक्त गाळतात अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु तीं एक रसहि निर्माण करतात, आणि त्या रसाच्या आज्ञेनें हाडांतील मगज तांबड्या रक्तपेशी घडवितो. ह्या रसाचें नांव एरिथ्रोपोएटिन. मूत्रपिंडें थकलीं कीं हा रस आटतो, रक्त फिकें होतें, आणि दोन जिने चढतांना माणूस तीन ठिकाणीं बसतो. पूर्वी अशा रुग्णांस वारंवार दुसऱ्याचें रक्त देण्यावांचून गत्यंतर नसे. सन १९८९ मध्यें अमेरिकेंत ह्या रसाचें कृत्रिम रीतीनें तयार केलेलें इंजेक्शन मान्य झालें, आणि जगभरच्या अशा रुग्णांच्या आयुष्यास पुन्हां थोडा रंग आला.

गेल्या वर्षीं डॉक्टरांनीं आमच्यापुढें दोन कुप्या ठेवल्या. एक परदेशी बनावटीची व महाग. दुसरी त्याच औषधाची, पण आपल्या देशांत तयार झालेली व बरीच स्वस्त. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरांत हा फरक लहान नसतो. कारण हें औषध सर्दीपडशाच्या गोळीसारखें चार दिवसांचें नाहीं, आठवड्यांतून दोन-तीनदां, आणि बहुधा जन्मभर घ्यावयाचें असतें. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, स्वस्त म्हणून घ्यायचें आणि अंगीं लागायचें नाहीं, असें नको व्हायला. मला काय तें नीट विचारून सांगा.” आमचा भाचा ठाणें-बेलापूर पट्ट्यांतल्या एका औषधकारखान्यांत नोकरीस आहे. तो रविवारीं जेवावयास आला असतां आम्हीं त्यास हा प्रश्न घातला. तो म्हणाला, “मामा, नांव एक असलें म्हणजे वस्तु एकच असते असें नाहीं. ती कोणत्या पात्रांत, कशी ढवळली, ह्यावर पुष्कळ अवलंबून असतें.” त्या उत्तरानें आम्हांस वाचनास लाविलें. त्या वाचनाचें सार पुढें देत आहों.

प्रथम हें कीं, असलें औषध रसायनांच्या बाटल्या एकमेकींत ओतून होत नाहीं; तें जिवंत पेशींकडून करवून घ्यावें लागतें. इन्सुलिन जिवाणूंकडून करवून घेण्याची युक्ति साधली व सन १९८२ पासून तें बाजारांतहि आलें. मग एरिथ्रोपोएटिनहि जिवाणूंकडून कां करवून घेऊं नये? जिवाणु काटक असतात; कसेहि ढवळा, ते तक्रार करीत नाहींत. परंतु येथें एक अडचण आहे. एरिथ्रोपोएटिन ही १६५ घटकांची प्रथिनाची सांखळी असून तिला चार ठिकाणीं शर्करांचे फांटे फुटलेले असतात. एकंदर वजनापैकीं सुमारें ४० टक्के वजन ह्या शर्करांचेंच भरतें. हे फांटे अपुरे असले तर यकृत तें प्रथिन रक्तांतून झटपट काढून टाकतें, आणि टोंचलेलें औषध वायां जातें. साध्या जिवाणूंस असले फांटे जोडतां येत नाहींत. ती कला सस्तन प्राण्यांच्या पेशींस अवगत आहे.

ह्या कामीं जगांत सर्वांत अधिक उपयोगांत असलेला पेशींचा वंश चिनी हॅम्स्टर नांवाच्या उंदरासारख्या लहान प्राण्याचा आहे. सन १९५७ मध्यें अमेरिकेंत कोलोराडो येथें थिओडोर पक ह्या शास्त्रज्ञानें एका मादीच्या अंडाशयांतील पेशी कांचेच्या बशींत वाढविल्या. त्यांचा वंश आजतागायत चालू आहे. त्यांत मानवी रसाची आज्ञा देणारा अंश घातला म्हणजे त्या पेशी तो रस तयार करूं लागतात. हें ऐकून आमच्या घरांतल्या वृद्ध आत्याबाई कपाळास आठ्या घालून म्हणाल्या, “अरे, म्हणजे तिच्या औषधासाठीं रोज उंदीर मारतात कीं काय?” प्रश्न आमच्यासारख्या अनेक घरांत निघण्याजोगा आहे, म्हणून त्याचें उत्तर येथें देतों. कुपीगणिक प्राणी मारला जात नाहीं. तो एकच वंश अतिशीत पात्रांत जपून ठेवलेला असतो व त्यांतला कण घेऊन प्रत्येक वेळीं नवी वाढ केली जाते. मात्र ह्या पेशींच्या अन्नांत पूर्वी गाईच्या पोटांतील वासराच्या रक्ताचा निवळ भाग घालीत, ही गोष्टहि लपवूं नये. पुढें पुष्कळ ठिकाणीं तो सोडून देण्यांत आला. त्याचा आपल्या विषयाशीं फार जवळचा संबंध आहे, तो पुढें येईल.

आतां ह्या पेशीचें शरीर पाहूं. ती इतकी लहान असते कीं, एका मिलिमीटरांत सत्तरांच्या आसपास पेशी ओळीनें बसतील. जिवाणूस आणि वनस्पतीच्या पेशीस भोंवतीं भक्कम भिंत असते. सस्तन प्राण्याच्या पेशीस तशी भिंत नाहीं. मिलिमीटराच्या एक लक्षांश भागाहूनहि पातळ असा स्निग्ध पापुद्रा, एवढेंच तिचें आवरण. प्राण्याच्या शरीरांत तिला शेजाऱ्यांचा आधार असतो. पात्रांत ती एकटी तरंगत असते. तिला ३७ अंशांची ऊब लागते, अन्न लागतें आणि प्राणवायु लागतो. हा प्राणवायु हीच खरी अडचण आहे. त्या उष्णतेस हवेनें तृप्त झालेल्या एक लिटर पाण्यांत तो सात मिलिग्रॅमांच्या आसपासच विरघळतो. दाट वाढलेल्या पेशी तेवढा सांठा कांहीं मिनिटांतच संपवितात. म्हणून तो सतत पुरवीत राहावें लागतें.

बशींतल्या बोटभर द्रवास हा पुरवठा वरच्या हवेंतूनच होतो. परंतु पात्र मोठें केलें कीं क्षेत्रफळ आणि घनफळ ह्यांची फारकत होते. पात्राची लांबी, रुंदी व उंची दसपट केली, तर पृष्ठभाग शंभरपट होतो आणि द्रव हजारपट. शंभरपट दारांतून हजारपट माणसांस अन्न पोंचवावयाचें, असा हा पेंच आहे. म्हणून द्रव पंख्यानें ढवळावा लागतो आणि तळांतून हवेचे किंवा प्राणवायूचे बुडबुडे सोडावे लागतात. पेशींनीं सोडलेला कार्बन डायॉक्साइड बाहेर काढण्यासहि हेच बुडबुडे उपयोगी पडतात. जगविण्यासाठीं ढवळणें भाग आहे, आणि ढवळण्यानें जीव धोक्यांत येतो. सगळी विद्या ह्या दोहोंच्या मध्यें उभी आहे.

ढवळण्यानें नेमकी इजा कशी होते, हें कुर्ल्याच्या रहिवाशांस चटकन समजेल. धांवत्या जलद गाडींत आपण बसलेले असतों तेव्हां त्या वेगाची आपणांस बाधा होत नाहीं, कारण आपलें सर्व शरीर एकाच वेगानें चाललेलें असतें. परंतु सकाळीं नऊ वाजतां कुर्ला स्थानकावर गाडी थांबली, उतरणाऱ्यांचा लोंढा एका दिशेस आणि चढणाऱ्यांचा दुसऱ्या दिशेस निघाला, आणि एखादा गृहस्थ दोहोंच्या मध्यें सांपडला, म्हणजे त्याचा एक खांदा आंत जातो व दुसरा बाहेर. सदऱ्याचीं बटणें तुटतात तीं वेगानें तुटत नाहींत, वेगांतल्या फरकानें तुटतात. द्रवाचे शेजारचे थर निरनिराळ्या वेगांनीं वाहूं लागले म्हणजे मध्यें सांपडलेल्या पेशीची हीच गत होते. दोन पात्यांमध्यें कापड कापतें तशी ही क्रिया असल्यामुळें तिला कर्तन म्हणतात.

पंख्याच्या पात्यामागें भोंवरे उठतात. मोठ्या भोंवऱ्यांतून लहान, लहानांतून त्याहून लहान, असे ते फुटत जातात आणि शेवटीं द्रवाच्या चिकटपणांत विरून जातात. ह्या शेवटच्या, सर्वांत लहान भोंवऱ्याचें माप काढण्याची रीति रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह ह्यांनीं सन १९४१ मध्यें दिली. ढवळण्यांत जितकी शक्ति अधिक ओतावी, तितका हा शेवटचा भोंवरा लहान होत जातो. ढोबळ नियम असा कीं, भोंवरा पेशीहून पुष्कळ मोठा असला तर पेशी त्यांत गिरक्या घेत सुखरूप राहते, पावसाळ्यांत मिठी नदीच्या पाण्यांत नारळ फिरत जावा तशी. तो पेशीएवढा किंवा तिच्याहून लहान झाला म्हणजे तिच्या एका बाजूस एक ओढ व दुसऱ्या बाजूस दुसरी, असें होऊन पापुद्रा फाटतो. कांहीं पेशी तर मोकळ्या तरंगतच नाहींत. त्यांस चिकटावयास जागा लागते. अशांसाठीं सन १९६७ मध्यें नेदर्लंड्समधील व्हान वेझेल ह्यांनीं सूक्ष्म मण्यांची युक्ति काढली. हे मणी मिलिमीटराच्या पांचव्या भागाएवढे असतात व पेशी त्यांवर वाढतात. पण मणी मोठा असल्यामुळें जो भोंवरा मोकळ्या पेशीस निरुपद्रवी, तोच मण्यावरील पेशीस घातक ठरतो. शिवाय मणी एकमेकांवर आदळतात, तें वेगळेंच.

इतकें समजल्यावर कोणीहि म्हणेल, कीं मग पंखा हळू फिरवावा, म्हणजे झालें. पुष्कळ वर्षें तज्ज्ञांचाहि भर ह्यावरच होता. परंतु सन १९९० च्या सुमारास कुनास व पापुत्साकिस ह्यांनीं एक चतुर प्रयोग केला. त्यांनीं पात्र द्रवानें कांठोकांठ भरून वरची हवा काढून टाकली आणि मग पंखा फिरविला. मिनिटास कित्येक शें फेरे झाले तरी पेशींस फारशी इजा झाली नाहीं. तोच पंखा, तीच गति, पण द्रवावर हवा ठेवली आणि ती बुडबुड्यांच्या रूपानें आंत ओढली जाऊं लागली, कीं पेशी मरूं लागल्या. खरा अपराधी पंख्याहूनहि बुडबुडा होता. आणि तो वर येत असतांना नव्हे, तर पृष्ठभागाशीं येऊन फुटतांना.

बुडबुडा फुटणें ही आपल्या डोळ्यांस नगण्य गोष्ट वाटते. पेशीच्या मापानें पाहिलें तर तो एक स्फोट आहे. बुडबुड्याच्या डोक्यावरची पातळ चादर फाटते, तिची कड विलक्षण वेगानें मागें सरते, रिकामी झालेली खळगी भरावयास द्रव चोहोंकडून धांवतो आणि मधून बारीक धार वर उसळते. पेशींस बुडबुड्याच्या अंगास चिकटण्याची खोड असल्यामुळें त्या नेमक्या ह्याच ठिकाणीं येऊन पोंचलेल्या असतात. लहान बुडबुडे प्राणवायु चांगला देतात, पण फुटतांना अधिक मारतात. मोठे बुडबुडे सौम्य, पण पुरवठ्यास कमी. आमच्या भगिनीवर्गास हें निराळ्या उदाहरणानें सांगतां येईल. रवीनें दहीं घुसळतांना लोणी येतें तें कां? स्निग्धाचा प्रत्येक सूक्ष्म गोळा एका पापुद्र्यांत गुंडाळलेला असतो. रवी हवा आंत ओढते, फेंस येतो, त्या हवेच्या पृष्ठाशीं व रवीच्या फटकाऱ्यांत पापुद्रे फाटतात आणि आंतलें स्निग्ध एकत्र येतें. जी क्रिया आपणांस लोणी देते, तीच जैवपात्रांत मृत्यु देते.

येथें त्या वासराच्या रक्तद्रवाची गोष्ट पुन्हां येते. तो अन्नांत असेपर्यंत पेशींचें अन्नाखेरीज संरक्षणहि होत असे. पुढें त्याची किंमत, प्रत्येक खेपेस बदलणारा त्याचा गुण आणि त्यांतून रोगजंतु येण्याची भीति, ह्या कारणांनीं तो वर्ज्य करण्याकडे कल झाला. तो काढतांच पेशी बुडबुड्यांस अधिक बळी पडूं लागल्या. तेव्हां त्याच्या जागीं प्ल्युरॉनिक एफ-६८ नांवाचा एक कृत्रिम पदार्थ घालण्याची वहिवाट पडली. लिटरास ग्रॅमभर घातला कीं पेशी बुडबुड्यास चिकटेनाशा होतात, आणि स्फोटाच्या जागीं त्या नसल्या म्हणजे वांचतात. आत्याबाईंस आम्हीं हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, “मग बरें झालें. वासरूहि सुटलें आणि तीहि सुटली.”

आतां मूळच्या त्रैराशिकाकडे वळूं. दोन लिटरांच्या पात्रांत सगळें उत्तम जमलें आहे, आणि दोन हजार लिटरांच्या त्याच आकाराच्या पात्रांत तें करावयाचें आहे, असें समजा. द्रव हजारपट, म्हणून लांबी-रुंदी-उंची व पंख्याचा व्यास दसपट. पंख्याची गति किती ठेवावी? मिनिटास होणारे फेरे तेच ठेवले, तर पात्याच्या टोंकाचा वेग दसपट होतो, आणि प्रत्येक लिटरामागें ओतली जाणारी शक्ति शंभरपट. त्यांत बापड्या पेशींचा टिकाव कसा लागावा? बरें, टोंकाचा वेग तोच ठेवावा म्हटलें, तर फेरे एकदशांश करावे लागतात, लिटरामागची शक्तीहि एकदशांश होते, आणि द्रव एकजीव होण्यास दसपट वेळ लागतो. मग पेशी सुरक्षित, पण उपाशी. लिटरामागची शक्ति तीच ठेवावी, हा मधला मार्ग पुष्कळ कारखाने पत्करतात. त्यांतहि टोंकाचा वेग दुपटीहून थोडा अधिक होतो, आणि एकजीव होण्याचा काळ साडेचार पटींहून वाढतो. वाचकांनीं पाटी घेऊन हा हिशेब स्वतः करून पाहावा. एक राशि जुळविली कीं दुसरी सुटते. सर्व राशि एकाच वेळीं जुळविणारें उत्तर अस्तित्वांतच नाहीं.

न्यायशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर येथें स्थालीपुलाकन्याय लंगडा पडतो. पातेल्यांतलें एक शीत चेपून पाहिलें कीं सगळा भात शिजला किंवा नाहीं हें कळतें, असा तो न्याय. पण तो लहान पातेल्याचा न्याय आहे. सध्यां जगांत दहा-वीस हजार लिटरांचीं जैवपात्रें चालतात. तीं दोन मजली घराएवढीं उंच असूं शकतात. त्यांच्या तळाशीं बुडबुड्यांजवळ प्राणवायु विपुल, वर कमी. आम्लता कमी करण्यासाठीं वरून अल्क टाकलें तर तें मिसळेपर्यंत त्या जागीं तीव्र. खालीं पाण्याचा दाब अधिक, म्हणून वायु अधिक विरघळलेला. एकच पेशी कांहीं मिनिटांत ह्या सर्व ऋतूंतून फिरते. अशा पात्रांतलें एक शीत चेपून दुसऱ्या शिताची हमी कशी द्यावी?

आणि मरणें हीच कांहीं एकमेव आपत्ति नव्हे. अलीकडच्या संशोधनानें असें दिसून आलें आहे कीं, हॅम्स्टरच्या ह्या पेशी निव्वळ ढवळण्यास पूर्वीच्या समजुतीपेक्षां पुष्कळच अधिक टिकतात. त्यांस फाडून टाकण्यास लागणारा जोर नेहमींच्या पात्रांतल्या जोराहून कितीतरी मोठा असतो. पण न मरतांहि पेशी त्रासते. प्राणवायूचा चढउतार, कोंडलेला कार्बन डायॉक्साइड, सांचलेला अमोनिया आणि ओढाताण ह्यांचा परिणाम तिच्या हातच्या नाजूक कामावर, म्हणजे त्या शर्करांच्या फांट्यांवर, होऊं शकतो. सांखळी तीच, पण फांटे आंखूड. भाच्याच्या वाक्याचा अर्थ हा होता.

ह्या संकटांतून सुटण्याचा एक मार्ग आमच्या आचाऱ्याचाच आहे. अमेरिकेंतील ॲम्जेन कंपनीनें पहिलें एरिथ्रोपोएटिन बाजारांत आणलें, तेव्हां तिनें मोठें पात्र टाळून हजारों बाटल्यांची रीति घेतली. बाटली आडवी ठेवून ती सावकाश फिरवीत ठेवतात. पेशी तिच्या आंतल्या अंगास चिकटून असतात, आणि थोडासा द्रव त्यांवरून लडिवाळपणें जात राहतो. पंखा नाहीं, बुडबुडा नाहीं. एका बाटलींत जमलें म्हणजे हजारांत जमलें. त्रैराशिक येथें खरें ठरतें! मात्र हजार बाटल्या म्हणजे हजार झांकणें, हजार वेळां उघडझांक आणि तितक्याच वेळां जंतु शिरण्याची भीति. शिवाय माणसें व जागा भरपूर. त्यामुळें असें औषध स्वस्त होणें कठीण. तें गरिबाच्या घरीं जावयाचें असेल तर कोणीतरी मोठ्या पात्राची विद्या आत्मसात करणें प्राप्तच होतें.

ही विद्या केवळ परदेशांतच वाढली असें कोणीं समजूं नये. कुर्ल्याहून लोकलनें शीव सोडली कीं पुढचें स्थानक माटुंगा. तेथें मुंबई विद्यापीठानें सन १९३३ मध्यें स्थापिलेला रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे. जुने लोक त्यास यूडीसीटी म्हणतात, आणि सन २००८ पासून ती रसायन तंत्रज्ञान संस्था झाली. तेथील प्राध्यापक ज्येष्ठराज जोशी ह्यांनीं ढवळणारीं पात्रें व बुडबुड्यांचे स्तंभ ह्यांच्या अभ्यासास आयुष्य वाहिलें. मराठी विज्ञान परिषदेचें अध्यक्षपदहि त्यांनीं भूषविलें आहे. त्यांनीं, त्याच संस्थेचे माजी विद्यार्थी व पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे धुरीण रघुनाथ माशेलकर ह्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं सन १९९५ मध्यें ‘केमिकल इंजिनिअरिंग सायन्स’ ह्या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. खळबळत्या द्रवांतील कर्तनाचा सस्तन प्राण्यांच्या पेशींवर होणारा परिणाम आणि त्या कर्तनाचें लेसरच्या साहाय्यानें मापन, हाच त्याचा विषय. पुढच्याच वर्षीं जोशी व सहकारी ह्यांनीं प्राणी, वनस्पति व सूक्ष्मजंतु ह्या तिन्ही प्रकारच्या पेशींवरील कर्तनाच्या परिणामांचा विस्तृत आढावा घेतला.

लेसरनें द्रवाचा वेग कसा मोजतात, तेंहि कुर्लेकरांस कठीण नाहीं. फलाटावरून न थांबतां जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येतांना चढ्या स्वरांत आणि दूर जातांना उतरत्या स्वरांत ऐकूं येते. तसाच द्रवांतल्या सूक्ष्म कणांवरून परतलेल्या प्रकाशाचा ‘स्वर’ कणांच्या वेगाप्रमाणें किंचित बदलतो. तो बदल मोजला कीं, द्रवांत कांडी न बुडवितां, कोणत्या जागीं किती वेग व किती खळबळ आहे हें समजतें. ह्या मापनाचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. ‘मिनिटास इतके फेरे’ हा आंकडा पंख्याचा आहे. पेशीस काय सोसावें लागतें, तें त्यावरून कळत नाहीं. पात्यालगत एक आणि भिंतीलगत दुसरें, असा जागोजागचा हिशेब हातीं आल्यावांचून लहान पात्रावरून मोठ्याचें अनुमान करणें म्हणजे अंधारांत बाण मारणें होय.

माटुंग्याच्या पलीकडे परळ. तेथें ह्या गोष्टीचा पूर्वरंग शंभर वर्षांहून जुना आहे. सन १८९६ मध्यें मुंबईंत ग्रंथिज्वर आला, आणि हाफकिन ह्यांनीं त्यावर लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. सन १८९९ मध्यें त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें गेली. तीच सन १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. ते प्लेगचे जंतु रसांत वाढवीत व त्या रसावर तूप तरंगत ठेवीत. तुपाच्या थेंबाखालीं जंतूंच्या झुंबरासारख्या लोंबत्या माळा वाढत. पात्र हललें तर माळा तुटत. म्हणून तें निश्चल ठेवावयाचें, आणि माळा पुरेशा वाढल्यावर मुद्दाम हलवून तळाशीं पाडावयाच्या, म्हणजे वर नव्या धरत. ते जंतु होते, सस्तन पेशी नव्हेत. पण केव्हां स्थिर ठेवावें आणि केव्हां हलवावें, हें जाणणें म्हणजेच लस करणें, हा धडा मुंबईनें तेव्हांच गिरविला होता. सन २०२१ च्या १६ जानेवारीस देशभर लसीकरण सुरू झालें, तेव्हां पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची जी कोव्हिशील्ड लस आपणांपैकीं बहुतेकांनीं घेतली, तिचा विषाणु सस्तन, किंबहुना मानवी पेशींतच वाढविलेला होता. आणि त्या पेशींचा वंश मूळ मूत्रपिंडाचाच. ह्या विद्येचा प्रसाद ज्याच्या दंडांत गेला नाहीं असें घर शोधावेंच लागेल.

मग आमच्या दोन कुप्यांचें काय झालें? आपल्या देशांत अशा सदृश औषधांसाठीं सन २०१२ मध्यें नियम झाले व सन २०१६ मध्यें ते सुधारण्यांत आले. त्यांप्रमाणें नव्या कारखान्यास आपलें औषध मूळ औषधाशीं घटकांत, शर्करांच्या फांट्यांत व परिणामांत ताडून दाखवावें लागतें. परीक्षा आहे, ती कोणीं दिली आहे हें डॉक्टरांस विचारतां येतें, आणि विचारावें. आम्हीं विचारलें. डॉक्टरांनीं न रागावतां उत्तर दिलें, आणि देशी कुपी घेण्याचें ठरलें. चार महिन्यांत सौभाग्यवतींचें हिमोग्लोबिन ८.२ वरून १०.६ वर आलें. एका घराच्या अनुभवानें शास्त्र सिद्ध होत नाहीं. शरीरांतलें लोह पुरेसें नसेल किंवा कोठें जंतुदोष असेल, तर उत्तम औषधहि निष्फळ ठरतें, हें त्याच डॉक्टरांनीं बजावून सांगितलें आहे. पण आतां त्या दोन जिने एका दमांत चढतात, एवढी गोष्ट आम्ही डोळ्यांनीं पाहतों.

शेवटीं ज्यांच्या घरीं असें औषध येतें त्यांच्यासाठीं एक उपयुक्त सूचना. ह्या कुपीवर ‘हलवूं नये’ अशी सूचना असते, आणि ती ठेवण्याची उष्णता २ ते ८ अंश सांगितलेली असते. पातळ औषध बाटली हलवून घ्यावें ही आपली लहानपणापासूनची संवय; पण येथें ती सोडावी. कुपी जोरानें हलविली तर आंत फेंस येतो, हवेच्या पृष्ठाशीं प्रथिनाची घडी विसकटते आणि औषध निकामी होतें. ज्या बुडबुड्यानें कारखान्यांत पेशी मारल्या, तोच आपल्या घरीं कुपींतल्या औषधाचा घात करतो. म्हणून ती शीतकपाटाच्या दारांत ठेवूं नये, कारण तें दार दिवसांतून पन्नास वेळां उघडतें. आंतल्या फळीवर, बर्फाच्या कप्प्यापासून दूर, तिच्या खोक्यांतच ठेवावी. रिक्षानें नेतांना थंड डब्यांत घालून मांडीवर धरावी. आमच्या घरीं हें काम आम्हीं स्वतःकडे घेतलें आहे. आणि कुर्ल्याचे रस्ते पाहतां तें वाटतें तितकें सोपें नाहीं.